घराकडे बघणार कोण?

मे महिना लागला की उरणच्या मोहल्ल्यांत दोन गोष्टी हमखास दिसतात, लग्नाचे मांडव आणि रंगाचे डबे. घराला रंग दिला की देखभाल झाली, असं आपण धरून चालतो. माझ्या मते रंग हे देखभालीतलं सगळ्यात शेवटचं काम आहे, आणि बऱ्याचदा ते घराचं दुखणं झाकण्यासाठीच केलं जातं. छतावरचा तपकिरी डाग पाहुणे यायच्या आत पांढरा होतो. ज्या पाण्याने तो डाग पडला ते पाणी मात्र स्लॅबमध्येच मुरत राहतं.

या अंकाचं संपादकीय घराच्या डागडुजीवर लिहायचं ठरवलं तेव्हा एका सहकाऱ्याने विचारलं, ‘आपण हक्कांवर बोलणारी माणसं, गच्चीच्या पन्हळीवर काय लिहायचं?’ प्रश्न रास्त होता. पण घर कोणाच्या नावावर आहे, त्यात राहतं कोण, आणि त्यावर पैसे खर्च करायचा निर्णय कोण घेतं, हे प्रश्न हक्कांचेच आहेत. घर पडतं तेव्हा मरतात ती त्यात झोपलेली माणसं. सातबारावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर त्यांचं नाव असो वा नसो.

आपल्या आजोबांच्या पिढीला देखभालीचं महत्त्व सांगावं लागत नव्हतं. कौलारू घर तेवढी फुरसतच देत नसे. दर वर्षी वैशाखात शाकारणी व्हायची. कौलं उतरवून झाडायची, फुटकी बदलायची, रिपा आणि वासे तपासायचे, वाळवी लागलेला वासा काढून नवा घालायचा. पावसाच्या बाजूच्या भिंतीला नारळाच्या झावळ्या बांधायच्या. एखादं कौल सरकलं तर पहिल्याच सरीत थेंब थेट अंथरुणावर पडायचा. घर तक्रार करायचं आणि त्याच दिवशी करायचं.

मग स्लॅब आला. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, बंदर आलं, ओएनजीसी आली. मोबदल्याचा पैसा हातात आला. शिवाय कोकणातल्या असंख्य मुस्लिम घरांसारखा इथल्या घरांतही आखातातून पैसा येऊ लागला. स्लॅबचं घर म्हणजे ‘कायमची कटकट गेली’ अशी समजूत तेव्हा रुजली ती आजतागायत आहे. वास्तविक कटकट गेलेली नाही, ती नजरेआड झाली आहे. स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी आतल्या सळईला गंजवत वर्षानुवर्षं राहू शकतं आणि खाली राहणाऱ्याला काहीच कळत नाही. ऐंशीच्या दशकात बांधलेली ती घरं आता चाळिशीत आहेत. त्यातल्या बऱ्याच घरांवर मधल्या काळात एक, कधी दोन मजले चढले. मूळ पाया किती मजल्यांचा होता हे विचारलं, तर आज घरात कोणालाच ठाऊक नसतं.

इथे थोडं तांत्रिक सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. काँक्रीटमधली सळई एरवी गंजत नाही, कारण सिमेंट अल्कधर्मी असतं आणि त्यामुळे सळईवर एक संरक्षक थर तयार होतो. मीठ हा थर तोडतं. उरणच्या तिन्ही बाजूंना समुद्र आणि खाडी, त्यात मिठागरं. इथली हवाच खारट आहे. त्यात भर म्हणजे जुन्या बांधकामांत अनेक ठिकाणी खाडीची रेती वापरली गेली आणि मचूळ पाण्याने काँक्रीट कालवलं गेलं. म्हणजे मीठ बाहेरून यायच्या आधीच आत जाऊन बसलेलं होतं. सळई गंजली की गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो आतून काँक्रीटला ढकलतो, सळईच्या रेषेत तडा जातो, त्या तड्यातून आणखी पाणी आणि हवा शिरते, आणि एक दिवस छताचा पोपडा खाली येतो. तोवर आतली सळई निम्मी झालेली असू शकते.

भारतीय मानक आयएस ४५६ किनारी हवेत उघड्या असलेल्या काँक्रीटला ‘तीव्र’ परिस्थितीत धरतं. अशा ठिकाणी सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचं आवरण असावं आणि काँक्रीट किमान एम-३० दर्जाचं असावं, असं ते सांगतं. ४५ मिलिमीटर म्हणजे साधारण तीन बोटं. तुमच्या गल्लीत कुठे पोपडा पडून सळई उघडी झाली असेल तर तिच्यावर किती आवरण होतं ते एकदा बघाच. मी जिथे जिथे बघितलं तिथे एक बोटही भरलं नाही.

म्हणून पहिलं दुर्लक्षित काम अगदी फुकटचं आहे. मान वर करून बघायचं. जिन्याखाली, न्हाणीघराच्या छताला, छज्ज्याच्या खालच्या बाजूला आणि पाण्याच्या टाकीखालच्या बीमला. गंजाच्या रंगाचे ओघळ, बीमच्या कडेला समांतर जाणारा तडा, फुगलेला गिलावा, ही लक्षणं. संशय असेल तिथे काठीने हलकेच ठोकायचं. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. सुटलेला भाग डोक्यावर असेल तर ठोकताना बाजूला उभं राहायचं, आणि त्याखालची खाट त्याच दिवशी हलवायची.

लक्षण दिसल्यावर आपल्याकडे काय होतं? गवंडी बोलावला जातो आणि तो पोपडे काढून वरून सिमेंटचा गिलावा मारतो. दोन पावसाळ्यांत तोच गिलावा पुन्हा खाली येतो, कारण सळईचा गंज तसाच राहिलेला असतो. बरोबर पद्धत अशी: आधी पाणी कुठून येतंय ते शोधून बंद करायचं. मग सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचं, सळई घासून चकचकीत करायची, जिची जाडी फार कमी झाली आहे तिच्या जोडीला नवी बांधायची, गंजरोधक लेप द्यायचा आणि मग पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरायचं. बीमला किंवा खांबाला हात लावायच्या आधी खाली टेकू द्यायचे. खांबाचं काम स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करूच नये. गवंड्याच्या अनुभवाचा मला आदर आहे, पण खांबावर किती भार आहे याचं गणित तो मांडत नाही.

‘आमची इमारत नवी आहे’ असं म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच रायगड जिल्ह्यातलं उदाहरण. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडच्या काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. १६ माणसं गेली. ढिगाऱ्याखालून एक चार वर्षांचा मुलगा जिवंत निघाला, ते दृश्य तुमच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिलं असेल. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. बिल्डर, सल्लागार आणि नगरपालिकेचे अधिकारी यांच्यावर गुन्हा दाखल झाला. त्यानंतर महिन्याच्या आत, २१ सप्टेंबरला, भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पहाटे झोपलेल्या कुटुंबांवर पडली. ती १९८४ सालची होती. महाडमध्ये दोष बांधकामाचा होता, रहिवाशांचा नव्हे, हे नीट लक्षात ठेवलं पाहिजे. देखभालीवर लिहिताना बिल्डरला मोकळं सोडायचं नाही. पण दोष कोणाचाही असो, तडा आधी दिसतो तो आत राहणाऱ्यालाच.

आणि इथेच खरी अडचण आहे. आपल्या घरांत बघणारा एक असतो आणि ठरवणारा दुसरा. मालक कुवेतला किंवा दोह्याला. घरात अम्मी, भावजय, शाळेत जाणारी मुलं. छत गळतं तेव्हा खाली पातेलं ठेवते ती बाई, फरशी पुसते ती बाई, स्वयंपाकघरातल्या कुठल्या स्विचला हात लावला की झिणझिण्या येतात हे माहीत असतं ते तिलाच. पण दोन हजारांच्या वर खर्च करायचा तर तिकडे विचारावं लागतं, आणि तिकडून उत्तर येतं, ‘सुट्टीवर आलो की बघतो.’ सुट्टी लग्नसराईत असते. लग्नसराईत रंग होतो.

दुसरा प्रकार म्हणजे न वाटलेली घरं. आजोबा वारले, प्रॉपर्टी कार्डावर अजून त्यांचंच नाव, नाहीतर वारसांची अकरा नावं. वरचा मजला एका चुलत्याकडे, खालचा दुसऱ्याकडे, गच्ची सगळ्यांची म्हणजे कोणाचीच नाही. गच्ची दुरुस्त केली तर ‘हा कब्जा सांगायला लागला’ असा संशय, न केली तर खालचा भिजतो. बहिणींची नावं तर कागदावर येण्याआधीच हक्कसोडपत्राने गेलेली असतात. उठसूट शरीयतचा हवाला देणारा आपला समाज कुरआनात स्पष्ट लिहिलेला बहिणीचा हिस्सा मात्र ‘प्रेमाने’ सोडवून घेतो. यावर या पानांतून पूर्वीही लिहिलं आहे. इथे एवढंच म्हणतो की वारस नोंद पूर्ण करणं हेसुद्धा घराच्या देखभालीतलं एक काम आहे. नावं स्पष्ट झाली की खर्चाची वाटणी साध्या कागदावर लिहून सह्या घेता येतात.

तिसरा प्रकार खास आपल्या भागातला. गावठाणाच्या कडेने, संपादित जमिनीवर वाढत्या कुटुंबांनी उभी केलेली ‘गरजेपोटी’ घरं. ती नियमित होणार की पडणार, या टांगणीवर माणसं वर्षानुवर्षं जगत आली आहेत. अशा घरात इंजिनिअरला बोलवायलाही भीती वाटते. लेखी अहवाल आला आणि तो कुठे पोहोचला तर? गावात पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींना नोटिसा लागतात तेव्हाही हीच भीती असते. नोटीस म्हणजे घर गेलं, असं समजून लोक तडे झाकतात. ही भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. ज्याला पर्यायी छप्पर मिळण्याची खात्री नाही तो धोका लपवणारच, आणि त्याची ती खात्री करणं हे शासनाचं काम आहे. तोवर निदान खाजगी तपासणी करून घ्या. तुमच्या सांगण्यावरून आलेल्या इंजिनिअरचा अहवाल आधी तुमच्याच हातात येतो.

आता बाकीची कामं, जी खिशाला फार जड नाहीत.

गच्ची. पन्हळीच्या तोंडाशी अडकलेला पाला आणि प्लास्टिक काढायला दहा मिनिटं लागतात. ते न काढल्यामुळे तुंबलेलं पाणी स्लॅबमध्ये उतरतं आणि दुरुस्ती लाखात जाते. आपल्याकडे वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा गच्चीवर कुठेही डबकं साचता कामा नये. कोब्याला भेगा असतील तर पावसाआधी भरायच्या. कठड्यात किंवा पाइपाच्या कडेला उगवलेलं पिंपळाचं रोप वरून छाटून उपयोग नाही, मुळासकट काढून ती जागा भरायची. छज्ज्यावर कुंड्या आणि एसीचं बाहेरचं यंत्र ठेवायची सवय सोडली पाहिजे. छज्जा उन्हापावसासाठी असतो.

वीज. घरातला एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. माणसासाठी आरसीसीबी लागतो, ३० मिलिअँपिअरचा. तो बसवलेला असला तरी त्यावरचं टेस्टचं बटण दाबून बघणारे मला फार थोडे भेटले. महिन्यातून एकदा दाबा. वीज खटकन गेली पाहिजे. गेली नाही तर तो बदलायचा. जुन्या घरांत अर्थिंग असतं ते अनेकदा नावापुरतं, कारण खाऱ्या जमिनीत पट्टी आणि जोड खाऊन गेलेले असतात. वायरमनकडून ते पावसाआधी मोजून घ्यावं.

गॅस. शेगडीच्या नारिंगी नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षांनी ती बदलायची, दिसायला चांगली असली तरी. गळतीचा वास आला तर कुठलंही बटण चालू किंवा बंद करायचं नाही, दारं-खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, बाहेर पडून १९०६ वर फोन करायचा. हा क्रमांक घरातल्या वयस्कर माणसांना पाठ करून द्या. आणि खिडकीची ग्रिल! चोराच्या भीतीने आपण सगळं घर पिंजऱ्यासारखं बंद करतो. आग लागली तर बाहेर पडायला निदान एका ग्रिलला आतून उघडणारी झडप हवी, आणि तिची चावी जवळच टांगलेली हवी.

पाण्याची टाकी वर्षातून दोनदा रिकामी करून घासायची. नुसतं पाणी बदलून डेंग्यूचा डास जात नाही. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी होऊनही काही महिने टिकतात. झाकण घट्ट हवं आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी हवी.

सेप्टिक टँकबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. गावांतली आणि नव्या वस्त्यांतली बहुतेक घरं त्याच्यावर चालतात आणि तो तुंबून अंगणात येईपर्यंत कोणाला आठवत नाही. दोन-तीन वर्षांनी तो उपसायला हवा. तुंबल्यावर घाई होते, आणि घाईत ‘कोणीतरी माणूस’ बोलावला जातो. त्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो, आत उतरणारा काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो, आणि त्याला वाचवायला उतरणाराही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय असं काम करून घेणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही शिक्षा काम करवून घेणाऱ्याला आहे. यांत्रिक उपसा करणारा टँकर मागवा, चार घरांनी मिळून मागवला तर स्वस्त पडतो. आपल्या मोहल्ल्यातल्या टाकीत दुसऱ्या कोणाचा मुलगा उतरवायचा आणि जुम्याला बराबरीचं बयान ऐकायचं, हे मला पटत नाही.

भाडेकरूंचंही बोलू. अटल सेतू आणि उरण लोकल यांचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी झालं. त्याआधीपासूनच कंटेनर यार्डांतली मुलं आपल्याकडे खोल्या घेऊन राहतात. भाडं महिन्याच्या पाच तारखेला न चुकता मागितलं जातं, पण खोलीतला लोंबता होल्डर वर्षभर लोंबतच राहतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा राहण्याजोगी ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूने लेखी नोटीस देऊन १५ दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर तो स्वतः ती करून भाड्यातून खर्च वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. तुम्ही मालकाची मुलं असाल तर हे वडिलांना सांगा. भाडेकरू असाल तर नोटिशीची प्रत जपून ठेवा.

पैशाचा प्रश्न येणारच. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत एक हिशेब आहे, तो स्वतंत्र घरालाही लावता येतो. बांधकामखर्चाच्या ०.७५ टक्के दर वर्षी दुरुस्तीसाठी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी. २० लाखांच्या बांधकामाला वर्षाचे १५ हजार आणि ५ हजार, एकूण २० हजार. लग्नात एका संध्याकाळच्या लायटिंगला याहून जास्त जातात. त्याच उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० च्या पुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. सोसायटीत राहत असाल तर पुढच्या सभेत शेवटच्या ऑडिटची तारीख विचारा.

मशिदींनाही हेच लागू आहे. वुजूखान्याचं पाणी रोज पाच वेळा त्याच भिंतीशी वाहतं, टाकी वर, माणसं खाली. मिनाराच्या रोषणाईसाठी वर्गणी चटकन जमते, गच्चीच्या कोब्यासाठी नाही. मुतवल्लींना तरुणांनी अदबीनेच, पण लेखी विचारावं की इमारतीची शेवटची तपासणी कधी झाली.

तुमच्या हातात मोबाइल आहे, त्याचा उपयोग करा. घरातल्या प्रत्येक तड्याशेजारी एक नाणं धरून फोटो काढा, तारीख टाका, दर तीन महिन्यांनी त्याच जागेचा पुन्हा काढा. तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची बोटभर पट्टी लावून तिच्यावरही तारीख लिहा. पट्टी तडकली तर तडा वाढतोय, लगेच इंजिनिअर बोलवा. हे सगळं पावसाआधी. मान्सून मुंबईत यायची नेहमीची तारीख ११ जून, पण २०२५ साली तो २६ मेलाच आला आणि कित्येकांच्या गच्च्या उघड्या पडल्या होत्या. तेव्हा १५ मे ही शेवटची तारीख समजा.

आणि परदेशातल्या भावाशी याच आठवड्यात बोला. अम्मीने किंवा भावजयीने कोणालाही न विचारता घरावर वर्षाला किती खर्च करायचा, ती रक्कम ठरवून त्यांच्याच खात्यात टाकायला सांगा. वर काढलेले २० हजार सुरुवातीला ठीक आहेत. पन्हळ, अर्थिंग, आरसीसीबी, टाकी आणि इंजिनिअरची पहिली भेट साधारण त्यात बसते. स्लॅबचं मोठं काम निघालं तर सगळ्या वारसांना, बहिणी धरून, व्हिडिओ कॉलवर घ्या, फोटो तारखेप्रमाणे दाखवा, आणि गळतीखाली पातेलं ठेवणाऱ्या बाईला आधी बोलू द्या.